'नासाने संस्कृत बेस्ट म्हटलंय' : काकांच्या फॉरवर्डला माझं जरा लांबलेलं उत्तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुझे काका शाळेत संस्कृत शिकवायचे, आता रिटायर झालेत, आणि दर दोन महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज टाकतात, की नासाने संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वात योग्य भाषा ठरवलीये, तिच्यात संदिग्धता अजिबात नाही, त्यामुळे संस्कृतमध्ये एआय बनवलं तर ते थापा मारणारच नाही. आणि इकडे तू मराठीत एआयशी बोलतोस तर लिमिट इंग्रजीपेक्षा भराभर संपतं. मग यातलं खरं काय, आणि तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस तर या विषयात प्रोजेक्ट घ्यावा का.

अरे, हा मेसेज मला पहिल्यांदा आला तेव्हा व्हॉट्सॅप जन्मायचं होतं, ईमेलवर आला होता, आणि तोही "पुढच्या दहा जणांना पाठवा" वाला. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मराठी आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या भानगडीतच आहे, आधी डीटीपी म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं, मग फॉन्ट कन्व्हर्टर लिहिणं, मग सॉफ्टवेअरचं मराठीकरण, आणि गेली बरीच वर्षं मराठी वाक्यांना व्याकरणाची लेबलं लावून मशीनला शिकवायचा डेटा तयार करणं. त्यामुळे या मेसेजवर माझं मत आहे, आणि ते काकांना आवडणार नाही, पण "हे सगळं थोतांड आहे" म्हणून हसणाऱ्या तुझ्या मित्रांनाही आवडणार नाही बहुतेक.

नासापासून सुरू करू. मुळात एक खरा लेख आहे. १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये रिक ब्रिग्ज नावाच्या माणसाने लिहिला, तो तेव्हा नासाच्या एम्स रिसर्च सेंटरमध्ये होता. म्हणजे नासाने असं काही ठरवलं नाही, ठराव केला नाही, समिती नेमली नाही, तिथे काम करणाऱ्या एका माणसाने लेख लिहिला एवढंच. उद्या एखाद्या बँकेतल्या कारकुनाने झाडांवर लेख लिहिला तर आपण "बँकेने वडाला सर्वश्रेष्ठ वृक्ष घोषित केलं" म्हणत नाही. मेसेजमध्ये पुढे "फोर्ब्स मॅगझिन, जुलै १९८७" असंही असतं बघ, तो अंक दाखवा असं मी आजवर निदान वीस जणांना म्हटलं असेल, एकानेही आणला नाही.

पण लेख वाचण्यासारखा आहे आणि मेसेज पाठवणाऱ्या कोणीच तो वाचलेला नसतो, हे मला जास्त खटकतं. त्या काळात एआय म्हणजे आजच्यासारखं ढीगभर मजकूर खाऊन शिकणारं मशीन नव्हतं, जगातलं ज्ञान नियम आणि जाळी करून हाताने मशीनमध्ये भरायचं असा प्रकार होता. वाक्य घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, कोण करतंय, काय करतंय, कशाने, कोणासाठी, कुठे, आणि हे सगळे बाण काढून एकमेकांना जोडायचे, याला सिमँटिक नेट म्हणायचे. ब्रिग्जचं म्हणणं असं की हे तर भारतातल्या वैयाकरणांनी आधीच करून ठेवलंय. त्याने नागेशभट्टांचा आधार घेतला, अठराव्या शतकातले, काशीत राहिलेले पण घराणं आपलं मराठी, काळे आडनावाचं. वाक्य साधारण असं: मैत्र हा मैत्रीखातर देवदत्तासाठी भांड्यात, अग्नीवर भात शिजवतो. वैयाकरण त्याची फोड अशी करणार की शिजणं ही क्रिया मध्यभागी, मग तिचा कर्ता मैत्र, कर्म भात, अधिकरण भांडं, करण अग्नी, संप्रदान देवदत्त, आणि हेतू मैत्री. ही फोड आणि सिमँटिक नेटची फोड शेजारी ठेवली तर खरोखर जुळी भावंडं वाटतात.

आता लक्षात घे, यात श्रेय कोणाचं आहे? भाषेचं नाही, व्याकरणाच्या पद्धतीचं आहे. ही फोड तू मराठी वाक्याची कर, तमिळची कर, जपानीची कर, तशीच होईल. मी स्वतः वर्षानुवर्षं मराठी वाक्यांवर हेच केलंय! आपल्याकडे आयआयटी कानपूर आणि नंतर हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये राजीव संगल, विनीत चैतन्य या मंडळींनी नव्वदच्या दशकात पाणिनीची कारकं, म्हणजे वाक्यातल्या शब्दांची क्रियेशी असलेली नाती, घेऊन भारतीय भाषांसाठी लेबलांची चौकट तयार केली, के-१ म्हणजे कर्ता, के-२ कर्म, के-३ करण, के-४ संप्रदान, के-५ अपादान, के-७ अधिकरण. त्यावर हिंदीचे मोठे डेटासेट उभे राहिले. म्हणजे पाणिनी कॉम्प्युटरमध्ये गेला, रोजच्या कामात गेला, फक्त गाजावाजा न करता गेला आणि संस्कृतपेक्षा हिंदीच्या कामाला जास्त आला. आणि तिथेही गंमत असते. "रामाने आंबा खाल्ला" सोपं आहे. "मला ताप आला" याला काय लेबल लावणार? ताप येतोय म्हणजे ताप कर्ता, पण भोगतोय मी. "मला आंबा आवडतो" तसंच. मग त्याच्यासाठी वेगळं लेबल काढावं लागलं, के-४-ए, अनुभवकर्ता. अशा वाक्यांवरून आम्ही चहा थंड होईपर्यंत भांडलोय.

ब्रिग्जने मात्र शेवटी थोडं ताणलं, की एक नैसर्गिक भाषाच कृत्रिम भाषेसारखी वापरता येईल वगैरे. ते ताणलेलं तेवढं फॉरवर्ड झालं आणि पद्धतीचा भाग गळून पडला.

पाणिनीचं म्हणशील तर तिथे मी काकांच्या बाजूने आहे, अगदी पूर्ण. अष्टाध्यायीत, म्हणजे त्याच्या व्याकरणाच्या ग्रंथात, चार हजारांच्या आसपास सूत्रं आहेत आणि ती ज्या युक्तीने लिहिलीत ती बघून प्रोग्रॅमर माणसाला दाद द्यावीच लागते. तू नववी-दहावीत संधी शिकलास, इति अधिक आदि इत्यादी, प्रति अधिक एक प्रत्येक. पाणिनीने हे फक्त "इको यणचि" एवढ्यात सांगितलंय. इक् म्हणजे इ उ ऋ ऌ, यण् म्हणजे य व र ल, अच् म्हणजे सगळे स्वर. इक् च्या पुढे अच् आला तर इक् च्या जागी यण् घाल, संपला विषय. ही इक्, यण्, अच् नावं कुठून आली तर चौदा शिवसूत्रांतून, वर्ण अशा क्रमाने मांडलेत की सुरुवातीचं अक्षर आणि शेवटची खूण घेतली की हवा तो गट तयार. आपण कोडमध्ये रेंज लिहितो तसंच. विभक्तीचाही उपयोग कोडसारखा, षष्ठी असेल तर "याच्या जागी", प्रथमा असेल तर "हे घाल", सप्तमी असेल तर "याच्या आधी". हा प्रकार बघून १९६७ साली इंगरमन नावाच्या माणसाने कॉम्प्युटरवाल्यांच्या नियतकालिकात पत्र लिहिलं होतं की प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहायची जी बॅकस-नाउर पद्धत आहे तिला पाणिनी-बॅकस म्हणा, कारण आधी त्याने केलंय. हे पत्र खरं आहे, खुशाल फॉरवर्ड कर.

पण त्यातही एक मेख आहे जी या वादात कोणी बोलत नाही. अष्टाध्यायी एका दिशेने चालते, मनातल्या अर्थाकडून शब्दाकडे. तुला काय म्हणायचंय ते ठरलेलं आहे, आता बरोबर रूप कसं बनवायचं ते पाणिनी सांगतो. कॉम्प्युटरला नेमकं उलटं हवं असतं, समोर वाक्य पडलंय, त्याचा अर्थ काय ते सांग. आणि उलट्या दिशेने गेलास की गाडी घसरते. पतंजलीच्या महाभाष्यातलंच, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या भाष्यातलंच, उदाहरण आहे, "श्वेतो धावति". श्वेत म्हणजे पांढरा धावतोय? का श्वा इतः, म्हणजे कुत्रा इथून धावतोय? दोन्ही बरोबर. एकसंध अक्षरं, संधी कुठे सोडवायची ते मशीनला कसं कळणार. दोन हजार वर्षांपूर्वी पतंजलीला माहीत होतं की संस्कृत वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि आपण २०२० नंतर मेसेज पाठवतोय की होत नाहीत. अमरकोशात एकटा 'हरि' शब्द काढून बघ, विष्णू, सिंह, घोडा, माकड, बेडूक, पोपट, साप, सगळे हजर. अरे ज्या भाषेत श्लेष हा अलंकार आहे, जिथे कवी मुद्दाम दोन अर्थांचं काव्य लिहून टाळ्या घेतात, ती संदिग्धता नसलेली भाषा कशी असेल! तसं म्हणणं हा तर कवींचा अपमान आहे.

संधी सोडवण्यावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत. फ्रान्सचे जेरार ह्यूए, हे मूळचे प्रोग्रॅमिंग भाषांच्या थिअरीतले मोठे नाव, त्यांनी संस्कृत फोड करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी 'संसाधनी' उभं केलं. यांची टूल्स वापरून बघ एकदा. एखादं लांब समासबहुल वाक्य टाकलं की शक्य त्या फोडी शेकड्यांनी निघतात, कधी हजारांवर जातात, आणि मग त्यातून बरोबर कुठली ते निवडायला परत माणूस लागतो किंवा माणसांनी निवडून ठेवलेला डेटा लागतो. २०२२ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांच्या पीएचडीची बातमी आली होती ना, "अडीच हजार वर्षांचं कोडं सुटलं, आता कॉम्प्युटरला संस्कृत शिकवता येणार", तीही अशीच फुगवलेली. काम चांगलं आहे, दोन नियम एकाच वेळी लागू पडले तर कुठला घ्यायचा याच्या सूत्राचा, "विप्रतिषेधे परं कार्यम्" याचा त्यांनी नवा अर्थ लावला, की 'पर' म्हणजे क्रमाने नंतरचा नियम नाही तर शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारा नियम. यावर विद्वानांत वाद आहे, असायलाच हवा. पण बातमीत वाद नाही आला, कोडं सुटलं आणि कॉम्प्युटर एवढंच आलं.

आता थापांचं. संस्कृत एआय थापा मारणार नाही हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला ना एआय कळलं ना संस्कृत. आजची मॉडेल्स पुढचा तुकडा कुठला येईल याचा अंदाज बांधतात, कोट्यवधी वेळा बांधतात, त्यातून वाक्य तयार होतं. वाक्य व्याकरणाने शुद्ध असणं आणि खरं असणं यांचा काही संबंध नाही आणि हे आपल्याच लोकांनी इतकं छान सांगून ठेवलंय. काकांना तो श्लोक नक्की पाठ असेल, "एष वन्ध्यासुतो याति खपुष्पकृतशेखरः". हा बघा वांझेचा मुलगा चाललाय, डोक्यात आकाशातल्या फुलांचा गजरा, मृगजळात आंघोळ करून आलाय, हातात सशाच्या शिंगाचं धनुष्य. व्याकरणात एक चूक नाही, छंदात बसलंय, आणि एक शब्द खरा नाही. एआय नेमकं हेच करतं.

मग कॉम्प्युटरला कुठली भाषा "सोयीची" वाटते? माझ्या अनुभवात उत्तर फार रुक्ष आहे, जिचा मजकूर भरपूर टाईप केलेला आहे, नीट टाईप केलेला आहे, आणि सहज मिळतो, ती. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली आणि संस्कृत २०२२ साली. संस्कृत मुळातच कॉम्प्युटरच्या सोयीची असती तर रांगेत सगळ्यात पुढे नसती का? आणि संस्कृतचा जो काही चांगला डिजिटल मजकूर आहे तो कोणी टाईप केला ते बघ. आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, काढली, १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला संपलं, सुकथनकरांसारख्या माणसाने त्यात जीव ओतला. तिची कॉम्प्युटरवरची प्रत कोणी बनवली? क्योटोच्या मुनेओ तोकुनागांनी, आणि मग केंब्रिजच्या जॉन स्मिथनी ती सुधारली. हस्तलिखितं आपली, संपादन पुण्याचं, टायपिंग जपानात. जर्मनीत गॉटिंगेनचं ग्रेटिल, संस्कृत वगैरे मजकुरांचा ऑनलाईन साठा, बघ, ऑलिव्हर हेलविग यांचा एक-एक शब्द फोडून ठेवलेला संस्कृत मजकुराचा संग्रह बघ. मराठीचंही तेच रे, मोल्सवर्थचा कोश, १८३१ चा आणि मग १८५७ ची दुसरी आवृत्ती, आपण सगळे तो ऑनलाईन बघतो तो शिकागो विद्यापीठाच्या साईटवर. मला यात जपानी आणि जर्मन लोकांचा राग नाही, उपकार आहेत त्यांचे, पण फॉरवर्ड करणाऱ्या हजारांतल्या दहांनी जरी एकेक अध्याय टाईप केला असता तर.. असो.

तुझ्या लिमिटच्या प्रश्नावर येते, हा मला जास्त आवडलेला प्रश्न आहे कारण यात भाषेची थोरवी कुठेच नाही, निव्वळ प्लंबिंग आहे. "नमस्ते" हा शब्द घे आणि कॉम्प्युटरला विचार किती अक्षरं. तू म्हणशील तीन. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला विचारलंस तर म्हणेल सहा, न, म, स, हलन्त, त आणि एकार. डिस्कवर किती जागा लागली विचारलंस तर अठरा बाइट, कारण यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो आणि इंग्रजीचं अक्षर एक. कर्सरने किती उड्या म्हटलंस तर जुन्या नियमाने चार, स् वेगळा आणि ते वेगळा, आणि युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं स्टँडर्ड, त्याच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षरांचा नियम आला त्याने तीन. एकच शब्द, चार उत्तरं, आणि चारही बरोबर. एसएमएसच्या काळात हेच होतं, इंग्रजीत १६० अक्षरांचा मेसेज आणि मराठीत लिहायला घेतला की ७० वर संपला, तेव्हाही लोक म्हणायचे कंपन्या मराठीचा द्वेष करतात. द्वेष नव्हता, १४० बाइटचा डबा होता आणि आपलं अक्षर मोठं होतं.

एआयमध्ये याच्यावर अजून एक थर येतो. मॉडेल अक्षरं वाचत नाही, टोकन वाचतं, आणि पैसे किंवा लिमिट टोकनवर चालतं. वारंवार येणारे तुकडे जोडून जोडून टोकन बनवतात, आता ज्या मजकुरावरून हे तुकडे ठरवले तो बहुतेक इंग्रजी, त्यामुळे इंग्रजीचा अख्खा शब्द एक टोकन आणि आपल्या शब्दाचा चुरा. पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. हे तुकडे जोडायच्या आधी मजकूर साधारण शब्दांत कापायचा एक नियम असतो, आणि जीपीटी-४ च्या वेळच्या नियमात "अक्षर" म्हणजे युनिकोडने ज्याला अक्षर म्हटलंय तेवढंच. काना, मात्रा, वेलांटी हे युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाही, चिन्ह आहे. त्यामुळे "मराठी" हा शब्द कापला जायचा तो मर, ाठ, ी असा! हे मी स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या मुलीला हाक मारून दाखवलं होतं. कोणी तरी एक ओळ लिहिली, लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर काना-मात्रेची लिपी नव्हती, आणि एवढ्या सगळ्या भाषांचे शब्द मात्रेला मात्रेला तुटायला लागले. जीपीटी-४ओ आलं २०२४ च्या मे महिन्यात तेव्हा तो नियमही सुधारला आणि टोकनांचा साठाही लाखाच्या आसपास होता तो दोन लाखांच्या आसपास नेला. कंपनीने तेव्हा एक नमुना मजकूर देऊन आकडे दाखवले होते, त्यात तोच मजकूर मराठीत आधी ९६ टोकन घ्यायचा तो ३३ वर आला, आणि इंग्रजीत २७ चा २४ झाला. म्हणजे साडेतीन पटींचा भुर्दंड होता तो सव्वा-दीड पटीच्या मध्ये आला. भाषा तीच, लिपी तीच, एक साठा वाढवला आणि एक ओळ बदलली. दुसऱ्या कंपन्यांची टोकनायझर, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणारी यंत्रणा, वेगवेगळी आहेत, तू वापरतोस त्यात स्वतः मोजून बघ, दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे.

आणि या प्लंबिंगमध्ये आपलेही हात बरेच घाण आहेत बरं का. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांचा काळ तू पाहिला नाहीस. तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं, आणि प्रत्येकाच्या जागा वेगळ्या. पहिली वेलांटी दिसते डावीकडे म्हणून व्यंजनाच्या आधी टाईप करायची, रफार दिसतो वर शेवटी म्हणून नंतर, अर्धं अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर. छापायला झकास, कॉम्प्युटरच्या दृष्टीने निव्वळ खिचडी. आयएससीआयआय, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं स्टँडर्ड, १९९१ ला आलेलं होतं, पुण्यातच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत लोक त्यावर काम करत होते, युनिकोडची देवनागरी त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून बेतलेली आहे. पण डीटीपीच्या बाजारात स्टँडर्डला कोण विचारतो. मला एकदा एका छापखान्याचा पंधरा वर्षांचा मजकूर युनिकोडमध्ये आणून द्यायचं काम मिळालं, तीन वेगवेगळे फॉन्ट, त्यातला एक कोणीतरी घरी बदलून घेतलेला, आणि ज्याने बदलला तो माणूस नोकरी सोडून गेलेला. चार महिने गेले. माझ्या कन्व्हर्टरने पहिल्याच खेपेला सगळ्या आचाऱ्यांना आचार्य करून टाकलं, एका लग्नाच्या लेखात "आचार्यांना भजी तळायला सांगितली" असं छापायच्या बेतात होतं, प्रूफ बघणाऱ्या आजोबांनी पकडलं म्हणून वाचलो.

तो ऱ्य आजही छळतो. हा ऱ्य दोन प्रकारे टाईप होतो, एकात वेगळा ऱ वापरतात आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच दिसतं, शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं नाही. 'ॲप' घे, कोणी ॲ वापरतं जे युनिकोडमध्ये २००८ ला आलं, कोणी अ वर चंद्र देतं, कोणी ऍ. मशीनसाठी हे तीन वेगळे शब्द. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण ८ कोटी ३० लाख मराठी बोलणारे, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जाही मिळाला, पेढे वाटले, मीही खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन परत तेच ॲ आणि ऍ एकसारखे करत बसले.

प्रोजेक्टचं म्हणशील तर घे, पण "संस्कृतमधून प्रोग्रॅमिंग भाषा" असलं काही घेऊ नकोस, दरवर्षी चार मुलं तो घेतात, इफला यदि आणि प्रिंटला मुद्रय करून आणतात, तो शोध नाही, तो शब्दकोश झाला. नवीन मोठं मॉडेल बनवतो म्हणू नकोस, तुझ्या कॉलेजकडे तेवढी मशीनं नाहीत. मराठीवर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मॉडेल्स आणि डेटासेट मोकळे ठेवलेत, आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतचे आहेत, आयआयटी मुंबईचं वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेला कोश, आहे, ते घेऊन त्यावर काहीतरी छोटं पण नीट कर. मला विचारशील तर संधी सोडवणं घे, मराठी पाठ्यपुस्तकांत येणाऱ्या तत्सम शब्दांपुरतं. नियम पाणिनीचे, फोडी मशीनने काढायच्या, आणि बरोबर फोड कुठली ते माणसाने निवडायचं. तो निवडलेला डेटाच खरा प्रोजेक्ट, कोड आठवड्यात होतो.

आणि निवडायला माणूस तुझ्या घरातच आहे की. ज्याने तीस वर्षं वर्गात संधी सोडवून घेतलेत त्याच्याइतका चांगला लेबलवाला आम्हाला पगार देऊनही मिळत नाही. काकांशी नासावरून वाद घालू नकोस, काही होत नाही त्याने, त्यांना एका साध्या एक्सेल शीटसमोर बसव, अक्षर मोठं करून दे, एका रकान्यात वाक्य, पुढे फोडी, बरोबर असेल तिथे खूण. पहिलं वाक्य "श्वेतो धावति" ठेव. दोन खुणा केल्या तर समज माणूस कामाचा आहे. पन्नास वाक्यं झाली की शीट मला पाठव, कुठे घसरतंय ते बघून सांगते.